द्राक्षे कोणाची, नाव कोणाचे?

करजण येथे आमच्या एका आप्तांच्या ओसरीवर काचेच्या बाटलीत मनीप्लांटची वेल लावलेली आहे. बाटली गोव्याहून रिकामीच आलेली. तिच्यावरील कागद मात्र अद्याप शाबूत आहे. 1949 चा दारूबंदीचा कायदा गुजरातेत आजही अंमलात आहे. त्यामुळे बाटलीत पूर्वी जे होते त्याची चव आम्हांस ठाऊक नाही, आणि ती ठाऊक करून घेण्याची इच्छाही नाही. तथापि दस्तऐवजाचा अर्थ लावण्यासाठी वकिलाने त्या व्यवहारात भागीदार असावे लागते असे नाही. बाटलीवरील कागद हाही एक दस्तऐवजच होय. आज आम्ही परीक्षण करणार आहोत ते वाइनचे नव्हे, तर त्या कागदाचे.

कागदावर ठळक अक्षरांत ‘पोर्ट’ असे छापले आहे. पोर्ट हे पोर्तुगालातील डोरू नदीच्या खोऱ्यातील वाइनचे नाव. जेझुइटांना हाकलून देणारा पोंबाल गोमंतकीय वाचकांस इतिहासातून परिचित आहे. त्याच पोंबालने 1756 साली एक व्यापारी कंपनी स्थापून त्या खोऱ्याच्या सीमा आखून देण्याची व्यवस्था केली, कारण भलत्याच मालावर ते नाव चढू लागले होते. आता गोव्याकडे पाहू. तेथे सांगण्याजोगे द्राक्षमळे नाहीत. द्राक्षे येतात ती घाटावरून. म्हणजे नाव पोर्तुगालचे, पत्ता गोव्याचा आणि फळ तिसऱ्याच मुलखाचे! तो तिसरा मुलूख कोणता, हे सांगणारे एक अक्षरही आमच्यासमोरील कागदावर नाही.

येथे कोणी म्हणेल, अनेक ठिकाणची द्राक्षे एकत्र करणे हाच मूळ दोष होय. आम्हांस हे मान्य नाही. ऑस्ट्रेलियातील पेनफोल्ड्स या पेढीच्या मॅक्स शूबर्ट या कारागिराचे उदाहरण पाहावे. 1950 साली तो युरोपात जाऊन आला आणि 1951 साली त्याने ‘ग्रेंज’चा पहिला प्रयोग केला. त्यासाठी शिराझ जातीची द्राक्षे त्याने एकाच मळ्यातून न घेता ॲडलेडजवळच्या मॅगिल आणि मॉर्फेट व्हेल या दोन ठिकाणांहून घेतली. पुढे त्यात इतर प्रदेशांची भर पडत गेली. एका मळ्याचा रस गडद उतरतो, दुसऱ्याचा तरतरीत. एका मळ्यास पाऊस बाधला तर दुसरा उणीव भरून काढतो. मालकांना हा प्रकार रुचला नाही. 1957 साली त्यांनी काम थांबविण्याचा हुकूम दिला, तरी शूबर्टने ते गुप्तपणे चालूच ठेवले. आज त्या देशातील सर्वश्रेष्ठ वाइनमध्ये तिची गणना होते.

परंतु या कथेचा उत्तरार्ध आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. या वाइनच्या नावास ‘हर्मिटेज’ हे शेपूट जोडलेले होते. हर्मिटेज ही फ्रान्समधील ऱ्होन नदीकाठची एक टेकडी. युरोपीय देशांनी हरकत घेतल्यावर 1990 च्या हंगामापासून ते नाव गळाले. मिश्रण मात्र राहिले. निवाडा एवढाच झाला, की मिसळण्याचा अधिकार कारागिराचा आहे, दुसऱ्याच्या टेकडीचे नाव वापरण्याचा नाही. त्याच देशात आज बाटलीवर एका प्रदेशाचे नाव लावावयाचे, तर निदान 85 टक्के द्राक्षे त्या प्रदेशातील असावी लागतात.

या कसोटीवर आमचे नाशिक कसे उतरते? राजीव सामंत यांनी 1997 च्या सुमारास नाशिकजवळील घरच्या जमिनीत वाइनच्या जातींची लागवड केली. त्यांच्या ‘सुला’ची पुष्कळशी द्राक्षे आता करारबद्ध शेतकऱ्यांच्या मळ्यांतून येतात. ग्रोव्हर यांची पेढी मूळची बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची. 2012 साली नाशिकच्या झम्पाशी तिचे विलीनीकरण झाल्यापासून दोन राज्यांतील मळे एका छत्राखाली आले. हे करण्यात आम्हांस काहीच गैर दिसत नाही. उलट ‘सुला’ने आपल्या एका शिराझला दिंडोरी तालुक्याचे नाव दिले, याचे आम्ही स्वागत करतो. वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी करून पुन्हा ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहराची छाटणी करणाऱ्या गावाला बाटलीवर जागा मिळाली, हे थोडे नव्हे.

पण अशी जागा मिळणारी गावे किती? बाकीच्या बाटल्यांवर फार तर ‘नाशिक’ किंवा ‘भारत’ एवढाच उल्लेख असतो. हा केवळ ग्राहकाच्या कुतूहलाचा प्रश्न नव्हे. 2008-09 च्या मंदीत वाइनची मागणी घसरली. तेव्हा नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांना आपली द्राक्षे कोणी घेईना आणि कित्येकांनी वेली मुळासकट उपटून टाकल्या. खाण्याच्या द्राक्षांना बाजार तरी असतो. वाइनच्या द्राक्षांना कारखान्यावाचून गती नाही. ज्या मळ्याचे नाव बाटलीवर आहे, तो सोडून देताना मालकास आपलेच नाव सोडावे लागते. ज्याचे नाव कोठेच नाही, तो मात्र एका पत्राने दूर करता येतो. नावाची नोंद हा सन्मान तर आहेच. अडचणीच्या वर्षी तो शेतकऱ्याचा थोडासा आधारही होतो.

कागदावर जागा कोठे आहे, ही सबब करजणमध्ये बसून आम्हांस पटत नाही. हा कानम प्रांत, काळ्या जमिनीचा व कापसाचा. शेजारच्या भडोचच्या कापसाचे नाव मोठे होते, म्हणून हलका कापूस त्यात मिसळून त्याच नावाने विकण्याचे प्रकार चालत. मुंबई सरकारला 1863 साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. बाहेरचा कापूस संरक्षित क्षेत्रात आणण्यावर बंदी घालण्याचा अधिकार 1923 च्या कायद्याने सरकारला दिला. आणि 1925 च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व क्रमांक घालणे आवश्यक केले. रुईच्या गाठीला जे साधले, ते द्राक्षाच्या बाटलीला का साधू नये?

आमच्या देवस्थानांत समाराधनेचा भात एकाच हंड्यात शिजतो. तांदूळ मात्र अनेक घरांचे असतात. पानात वाढलेल्या भातातून कोणाचे शीत कोणते, हे कोणी निवडीत बसत नाही आणि निवडूही नये. परंतु कोणी किती पायल्या दिल्या, याची नोंद देवस्थानच्या वहीत असते. ती वही कोणी फाडून टाकली, तर महाजन स्वस्थ बसतील काय? वाइन करणाऱ्याने हंडा एक ठेवावा, त्यास आमची हरकत नाही. वही मात्र त्याने उघडी ठेवावी.