क्षमेनंतरची चोरी

क्षमेवर प्रवचन करावयाचे असले की आम्हा धर्मगुरूंच्या हाताशी एक गोष्ट हमखास असते. ती म्हणजे व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) या फ्रेंच कादंबरीतील बिशप मिरिएल यांची. १९ वर्षे कैद भोगून आलेल्या जाँ वालजाँला बिशप आश्रय देतात. तो रात्री त्यांचे चांदीचे काटे-चमचे घेऊन पसार होतो. शिपाई त्याला पकडून आणतात, तेव्हा ही चांदी आपणच दिली होती असे सांगून बिशप वर दोन चांदीची शमादानेही त्याच्या हाती ठेवतात. येथे आम्ही थांबतो आणि ‘आमेन’ म्हणतो.

एकदा मिस्सा आटोपल्यावर एक वयस्क गृहस्थ मला भेटावयास आले. जमिनीच्या बांधावरून त्यांचे सख्ख्या भावाशी वैर होते. ते म्हणाले, “फादर, त्या माणसाने पुन्हा चोरी केली असती तर?” मी निरुत्तर झालो. सेमिनरीत वाचलेली ती कादंबरी पुन्हा उघडली, आणि माझीच मला लाज वाटली. वालजाँ पुन्हा चोरी करतो! बिशपांच्या घरातून बाहेर पडल्यावर त्याच दिवशी तो एका दहा वर्षांच्या गरीब पोराचे नाणे पायाखाली दाबतो आणि त्याला हुसकावून लावतो.

ह्यूगोच्या प्रतिभेची खरी खूण मला या प्रसंगात दिसते. दुबळ्या लेखकाने वालजाँला तत्क्षणी संत केले असते. ह्यूगो त्याला आधी पाडतो. मात्र या वेळी पडणारा माणूस निराळा आहे. कालपर्यंत ज्या कृत्याने त्याचे मन हलले नसते, त्याच कृत्याने तो आज ढसाढसा रडतो, आक्रोश करीत त्या पोराला शोधतो. क्षमेने त्याला अद्याप सुधारलेले नाही. तिने त्याला पाप दिसू लागेल एवढा उजेड दिला आहे.

बिशप खोटे बोलले, असा आक्षेप घेतला जातो. पण शिपाई येण्यापूर्वीच, चोरी उघडकीस आल्यावर, ते घरातील वृद्ध सेविकेला सांगतात की ही चांदी गरिबांची होती, आपण ती उगाच अडकवून ठेवली होती. मनाने त्यांनी तिच्यावरील हक्क आधीच सोडला होता. क्षमेचे मर्म या हक्क सोडण्यात आहे. परंतु हक्क आपलाच सोडता येतो. त्या पोराच्या नाण्याची माफी बिशप देऊ शकत नाहीत. म्हणूनच वालजाँ पुढे प्रतिष्ठित झाल्यावरही गावात येणाऱ्या तशा प्रत्येक मुलाला नाव विचारतो, पैसे देतो. क्षमा मिळाल्याने भरपाईचे ऋण फिटत नाही, हे आपल्या प्रायश्चित्त संस्काराचेही शिक्षण आहे.

क्षमा स्वीकारणे तर देण्याहून कठीण. १८३२ च्या उठावात इन्स्पेक्टर जावेर वालजाँच्या तावडीत सापडतो. वालजाँ त्याला सोडून देतो. आयुष्यभर केवळ कायदा जाणणाऱ्या जावेरला ही दया पेलवत नाही आणि तो सेन नदीत जीव देतो. निर्दय सेवकाचा दाखला (मत्तय १८) मला येथे आठवतो. त्या सेवकाने माफी घेतली, पण ती हृदयात उतरू दिली नाही. जावेरला ती घेताच येत नाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. मृत्युशय्येवरील वालजाँ धर्मगुरूला बोलावू देत नाही. आपला धर्मगुरू वर आहे असे सुचवतो. बिशपांची शमादाने जवळ तेवत असतात, म्हणून प्रसंग हृद्य होतो; पण ख्रिस्तसभेच्या हातून मिळणारी क्षमा येथे दूर राहते. ही कादंबरी १८६४ मध्ये ख्रिस्तसभेच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली होती. आज ती यादीही उरलेली नाही, आणि त्याच कादंबरीतील बिशप आमच्या व्यासपीठावर येऊन बसले आहेत! ग्रंथांनाही क्षमा मिळते म्हणावयाची.

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांना गाठून हे सारे सांगितले. भावाचे आणि त्यांचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, “मग फादर, प्रवचनात पुढची पानेही वाचत जा.”