'खबर': कारखान्याचें मासिक
किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' काढली, ती मूळ आपल्या नांगरांची व चरकांची वार्ता गिऱ्हाइकांस कळावी म्हणून. जाहिरातीच्या पोटीं जन्मलेलें हें पत्र पुढें 'किर्लोस्कर' या नांवानें मध्यमवर्गाचें विचारप्रवर्तक मासिक झालें, याचें श्रेय संपादक शंकरराव किर्लोस्कर यांचें. आम्हांस या घडणींत कांहीं अपघात दिसत नाहीं. लोखंडानें जमीन नासते, या समजुतीशीं कारखान्यास आरंभींच झुंजावें लागलें होतें. रूढीवर टीका करणें हा येथें पांडित्याचा नव्हे, पोटाचा प्रश्न होता! नांगरापासून निघालेली ही वाट सावरकरांच्या विज्ञाननिष्ठ निबंधांपर्यंत, आणि १९३० सालीं निघालेल्या 'स्त्री' मासिकापर्यंत गेली.

तथापि एक उणीव आम्हांस खटकते. यंत्रयुगानें घर कसें पालटावें, हें या पानांनीं धिटाईनें सांगितलें. यंत्र चालविणाऱ्यानें मालकाकडे काय मागावें, हें तितक्या धिटाईनें सांगितलें नाहीं. कारखान्याच्याच पत्रानें तें सांगावें कसें? मुंबईच्या गिरण्यांत तें काम पूर्वींच नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 'दीनबंधू'तून व सभांतून केलें होतें, आणि १८९० सालीं मजुरांस आठवड्याची सुटी मिळाली होती. महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीचा इतिहास केवळ 'खबरी'च्या फायलींवरून लिहूं पाहणारांनीं 'दीनबंधू'चे उपलब्ध अंक शेजारीं ठेवावे, एवढीच आमची सूचना आहे.