कुणाचा जीव आधी? : 'मॉन्स्टर'विषयी

डॉक्टर एक, रोगी दोन. आधी कुणाला घ्यायचं? नाओकी उरासावा ह्या जपानी चित्रकादंबरीकाराची 'मॉन्स्टर' ही अठरा खंडांची मांगा ह्या एका सवालावर उभी आहे. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. उजवीकडून डावीकडं वाचायची. १९९४ च्या डिसेंबरपासून २००१ च्या डिसेंबरपर्यंत ती 'बिग कॉमिक ओरिजिनल' ह्या पाक्षिकात क्रमशः आली. एका दोस्तानं इंग्रजीतले जाड नऊ खंड आणून दिले. डिक्शनरी उशाला घेऊन मी ते रातपाळ्यांच्या मधल्या दिवसांत वाचून काढले. गोष्ट काळीकुट्ट आहे. खून, विष, अनाथाश्रम, पोरांच्या मेंदूवरचे प्रयोग. तरी वाचून झाल्यावर डोक्यात राहिली ती त्यातली माणसं, आणि ती एकमेकांना कशी सापडत गेली ते.

कुणी कार्यकर्ता म्हणेल, आपल्याकडं प्रश्न कमी आहेत का, की जपान्यांची चित्रं बघत बसावं? त्याला सांगतो. ह्याच मांगा प्रकारात सानपेई शिराटोनं 'कामुई-देन' लिहिली. 'गारो' ह्या मासिकात, १९६४ ते १९७१. तिचा नायक कामुई जुन्या जपानातल्या बहिष्कृतांत जन्मलेला. म्हणजे गावकुसाबाहेरचा माणूस चौकटीत आणायला हा प्रकार लाजला नाही. चित्रं आहेत म्हणून पोरांचा खेळ, असं म्हणणारी समीक्षा आपल्या लिखाणालाही एके काळी साहित्य म्हणत नव्हती. तिचं आपण कशाला ऐकायचं?

आता गोष्ट. केन्झो टेन्मा हा जपानी डॉक्टर पश्चिम जर्मनीत डुसेलडॉर्फच्या एका इस्पितळात मेंदूची ऑपरेशनं करतो. हात सोन्याचा. डायरेक्टर हाइनेमान त्याच्या संशोधनावर स्वतःचं नाव लावतो, आणि बदल्यात पोरगी देऊ करतो, बढती देऊ करतो. टेन्मा गप्प बसतो. एका रात्री एक तुर्की मजूर जखमी होऊन येतो. टेन्मा ऑपरेशनला निघतो तोच हुकूम येतो, ते सोड, ऑपेरा गाणारा मोठा गवई आलाय, त्याला घे. गवई वाचतो. मजूर मरतो. दुसऱ्या दिवशी मजुराची बायको इस्पितळाच्या वाटेत टेन्माला गाठते आणि छातीवर बुक्क्या मारत विचारते, माझा माणूस आधी आला होता, मग त्याला आधी का नाही घेतलं?

उरासावा हा प्रसंग ओरडून रंगवत नाही. त्या बाईचा चेहरा, डॉक्टरचा चेहरा, बस्स. पण पुढची अठरा खंडांची इमारत त्या बुक्क्यांवर उभी आहे. टेन्माची होणारी बायको एव्हा त्याची समजूत काढते, सगळ्यांचे जीव सारखे नसतातच. ती हे वाईटपणानं बोलत नाही, पाऊस पडतोय इतक्या सहज बोलते. म्हणून ते जास्त लागतं.

हा मजूर तुर्की का, ह्याचा विचार करा. पश्चिम जर्मनीनं १९६१ साली तुर्कस्तानाशी करार करून मजूर मागवले. 'पाहुणे कामगार' असं गोड नाव दिलं. पाहुणा म्हणजे काम झालं की जावं असा. १९७३ ला भरती थांबवली, पण माणसं राहिली, घरं झाली, पोरं झाली. आणि मग घरं जळायला लागली. १९९२ च्या नोव्हेंबरात म्योल्नमध्ये तिघीजणी. २९ मे १९९३ ला झोलिंगेनमध्ये एकाच तुर्की कुटुंबातल्या पाच बाया-पोरी. झोलिंगेन डुसेलडॉर्फहून लांब नाही. त्यानंतर दीड वर्षानं ही मांगा सुरू झाली. तिच्यात पुढं फ्रँकफर्टची तुर्की वस्ती पेटवून द्यायचा नवनाझींचा कट येतो. वाचताना तो रचलेला वाटत नाही.

आपल्याला ह्या सवालाची ओळख करून द्यायला नको. गिरणीत विणकाम खात्याला पगार जास्त होता, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. का, तर धोट्यातनं धागा तोंडानं ओढावा लागतो आणि आपलं तोंड बाटवतं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. धागा तोच, यंत्र तेच, तोंडाची किंमत वेगळी. आजची गोष्ट सांगू? माझ्या ओळखीच्या एका बदली कामगाराची बोटं कार्डिंगच्या यंत्रात गेली. दवाखान्याच्या खिडकीतनं पहिला सवाल आला, डिपॉझिट कोण भरणार? रक्त गळत होतं ते नंतर. म्हणून त्या तुर्की बाईच्या बुक्क्या मला पुस्तकाबाहेरही ऐकू येतात.

मग टेन्मापुढं दुसऱ्यांदा तीच वेळ येते. डोक्यात गोळी घुसलेला एक पोरगा आधी आलाय. मागनं शहराचा महापौर येतो. हुकूम तोच, महापौराला घे. ह्या वेळी टेन्मा पोराला घेतो. पोरगा वाचतो, महापौर मरतो. टेन्माची बढती जाते, एव्हा त्याला सोडते. चिडून तो बेशुद्ध पोराच्या खाटेशी बडबडतो, डायरेक्टर मेलेला बरा. थोड्याच दिवसांत डायरेक्टर आणि दोन बडे डॉक्टर विषानं मरतात, आणि पोरगा आपल्या जुळ्या बहिणीसकट गायब होतो. नऊ वर्षांनी तो टेन्मापुढं उभा राहतो. त्याच्या देखत एक खून करतो. नाव योहान. ज्याला समतेच्या नावानं वाचवलं तोच राक्षस निघाला.

इथं हलका लेखक म्हणाला असता, बघा, समता-बिमता भाबडेपणा, महापौरालाच वाचवायला हवं होतं. आपल्याला हा युक्तिवाद रोज ऐकवतात. ह्यांना सवलती दिल्या आणि बघा कसे निघाले! उरासावा त्या वाटेला जात नाही. टेन्मा बंदूक घेऊन योहानच्या मागं देशभर फिरतो, पण वाटेत जो जखमी भेटेल त्याला शिवत जातो. चोर असो, पोलीस असो, मारेकरी असो. तत्त्व चुकलं असं तो म्हणत नाही. तत्त्वाची किंमत मोठी आहे, एवढंच त्याला कळतं आणि ती तो भरत राहतो.

राक्षस घडतो कसा? पूर्व बर्लिनमध्ये '५११ किंडरहाइम' नावाचा अनाथाश्रम, लेखकाच्या कल्पनेतला. तिथं पोरांची नावं, आठवणी, माया पुसून टाकून हुकमाचे ताबेदार घडवायचे. ह्याच्या जोडीला चित्रांचं एक पुस्तक येतं, नाव नसलेल्या राक्षसाचं. तो नाव शोधत फिरतो, माणसांच्या पोटात शिरतो, त्यांना खातो. शेवटी छान नाव मिळतं, पण त्या नावानं हाक मारायला कुणी उरत नाही. ही एवढीशी पोरांची गोष्ट. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना कचरा, धोंडा अशी नावं वाहावी लागली त्यांनी ती दोनदा वाचावी. नाव खरं होतं ते हाक मारणाऱ्यामुळं.

माझ्या मते ह्या मांगाचा जीव योहान नाही. तिचा जीव आहे ग्रिमर. वोल्फगांग ग्रिमर, उंच, हसरा, पत्रकार म्हणवणारा. तोही त्या ५११ मधनं निघालेला, पूर्वी पूर्व जर्मनीचा हेर. त्याला काहीच वाटत नाही. हसू आरशासमोर शिकल्यासारखं शिकलेलं. कुठं हसायचं, कुठं गंभीर व्हायचं, सगळं पाठ केलेलं. जिवावर बेतलं की त्याच्या आतनं लहानपणी टीव्हीवर पाहिलेला एक बलदंड वीर जागा होतो, आणि शुद्धीवर येतो तेव्हा आजूबाजूला माणसं पडलेली. त्याचा लहान पोरगा मेला, तेव्हा त्याला रडू आलं नाही. बायकोनं बोल लावला. त्याला उत्तर सुचलं नाही.

हा माणूस टेन्माला भेटतो, प्रागमध्ये रस्त्यावरच्या पोराच्या पाठी धावतो, एका तरण्या पोलिसाला सांभाळतो. कुणीच त्याचं नात्याचं नाही. आणि शेवटच्या भागात, त्या डोंगरातल्या गावी जिथं लोक एकमेकांवर गोळ्या झाडतायत, तिथं त्याच्या आतला वीर जागा होत नाही. तो स्वतः रागावतो. पहिल्यांदा त्याचा राग त्याचा असतो. गोळ्या खाऊन पडतो आणि मरता मरता त्याला आपल्या पोराचं दुःख होतं. इतक्या वर्षांनी. माणसाच्या भावना मारता येत नाहीत, ती कुठं ठेवल्यात ते फक्त विसरतो, असं काहीतरी त्याला उमगतं. मी ह्या पानांवर थांबलो. पुढचं पान उलटायला वेळ लागला.

आपल्यातही असे ग्रिमर आहेत. बापाच्या मयताला रडू न आलेले, साहेबापुढं पाठ केलेलं हसणारे. त्यांना दगड म्हणणं सोपं. दगड कुणी केला, हे विचारणं अवघड, आणि त्याच्याशी दोस्ती करणं त्याहून अवघड. उरासावा हे तिसरं करून दाखवतो.

दुसरा माणूस इन्स्पेक्टर लुंगे. बोलताना हवेत बोटं नाचवतो, जणू टाइपरायटर चालवतोय. सगळं डोक्यात टाइप होतं. त्याच्या हिशेबात योहान नावाचं कुणी नाहीच, सगळे खून टेन्माचे. ह्या हट्टापायी त्याची बायको-पोरगी घर सोडून जातात आणि तो फाईलमधनं मानही वर काढत नाही. मग पुरावा त्याच्या हिशेबाला खोटं पाडत जातो. शेवटी टेन्मा समोर येतो तेव्हा लुंगे त्याची माफी मागतो. भाषण नाही, कारणं नाहीत. सत्ता हातात असलेला माणूस ज्याचा पाठलाग केला त्याची माफी मागतो, असं चित्र आपण प्रत्यक्षात किती वेळा पाहिलंय?

आणि डीटर, हार्टमान नावाच्या पालकानं मारझोड करून 'जग अंधारं आहे' असं शिकवलेला पोरगा. तो टेन्माच्या मागं फुटबॉल घेऊन चालू लागतो आणि पुढं त्याच तुर्की वस्तीतल्या माणसांना आगीची खबर देत पळतो. टेन्मा त्याला उपदेश करत नाही. खायला घालतो, सोबत ठेवतो. उरासावाच्या जगात माणूस बदलतो तो असा, जेवणाच्या ताटावर.

आता खोट सांगतो, कारण नुसती आरती आपल्या मासिकात छापत नाहीत. पहिली गोष्ट, तुर्की मजुराची बायको जागं करून जाते, आणि कथा डॉक्टरबरोबर जाते, तिच्याबरोबर नाही. तिच्या घरी त्या रात्री चूल पेटली का, हे आपल्याला दिसत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्याच्या विवेकाचं इंधन होतो. हे आपण आपल्याविषयी लिहिलेल्या पांढरपेशा कथांत पुष्कळ पाहिलंय.

दुसरी मोठी. शेवटी टेन्माच्या हातात बंदूक आहे आणि योहान समोर. टेन्मा झाडत नाही. गोळी झाडतो गावातला एक दारुडा, गरीब बाप, स्वतःच्या पोराला वाचवायला. नायकाचे हात स्वच्छ राहिले, रक्त गरिबाच्या हातावर गेलं. उरासावानं हे मुद्दाम केलं असेल. पण चांगुलपणा सांभाळायला कुणाला परवडतो, हा सवाल कादंबरी पुरता विचारत नाही.

तिसरी गोष्ट माफीची. योहानची बहीण नीना त्याला माफ करते. आपल्या पोरांना हे पटणार नाही, मलाही आधी खटकलं. पण नीट बघा. माफी ती देते जिचं घर उद्ध्वस्त झालं. न्यायाधीश, गावकरी, वर्तमानपत्र, कुणी तिच्याकडं ती मागत नाही. आपल्याकडं माफी मागतात ते अन्याय न सोसलेले, 'झालं गेलं विसरा' म्हणणारे. ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि तिच्या माफीनं योहान सुटत नाही, त्याच्या हातून झालेलं पुसलं जात नाही.

सगळ्यात शेवटी पुन्हा तेच टेबल. योहान डोक्यात गोळी घेऊन पडलाय आणि टेन्मा त्याचं दुसऱ्यांदा ऑपरेशन करतो, तो कोण आहे हे पूर्ण माहीत असताना. पहिल्यांदा वाचवला तो अनोळखी पोरगा म्हणून. दुसऱ्यांदा वाचवायला जास्त छाती लागते. त्यानंतर कळतं की योहानच्या मुळाशीही हाच सवाल होता. दोन जुळ्यांतलं कुठलं पोर द्यायचं, हे लहानपणी त्यांच्या आईला निवडायला लावलं होतं. तिनं कुणाला नको म्हटलं? गवई की मजूर, महापौर की पोरगा, हे पोर की ते पोर. प्रत्येक वेळी कुणीतरी मोठा माणूस निवड करायला लावतो, आणि न निवडलेला आयुष्यभर त्या जखमेसह जगतो.

ह्यावर उरासावा मोठं उत्तर देत नाही. शेवटच्या पानावर दवाखान्याची रिकामी खाट आहे. कुठल्याही अभ्यासवर्गात ही मांगा घ्या. इंग्रजी येतं त्यानं वाचून दाखवावी, बाकीच्यांनी चित्रं बघावीत. तुर्की बाई बुक्क्या मारते तिथं थांबा आणि गटातल्या प्रत्येकाला विचारा, तू टेन्माच्या जागी असतास तर? मग विचारा, तू त्या बाईच्या जागी कधी होतास? दुसऱ्या सवालाला जास्त वेळ द्या.