रक्ताचे नाते आणि पेशींची पारख

मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट १९७७ साली आला. त्याच्या सुरुवातीचा रक्तदानाचा प्रसंग न पाहिलेला माणूस मुंबईत विरळाच. अपघातात जखमी झालेली आई एका खाटेवर आहे. लहानपणीच ताटातूट झालेले तिचे तीन मुलगे शेजारच्या तीन खाटांवर आडवे झाले आहेत. एक हिंदू घरात वाढला, एक मुसलमान घरात आणि एक ख्रिस्ती पाद्र्यांकडे. ती आपली आई आहे हे तिघांनाही ठाऊक नाही. तिघांच्या हातांतून निघालेल्या नळ्या वर एका बाटलीत मिळतात आणि बाटलीतून एकच नळी आईच्या हाताकडे उतरते.

विज्ञान शिकवणारे या प्रसंगाला भरपूर हसतात. रक्त खालून वर कसे चढले? तीन दात्यांचे रक्त एकत्र कसे केले? आधी तपासणी कुठे झाली? हे प्रश्न रास्त आहेत, पण आमच्या मते ही टीका वरवरची आहे. गुरुत्वाकर्षणाची चूक कुणालाही दिसते आणि ती खरी मानून कुणी घरी जात नाही. प्रेक्षक घरी नेतो ती दुसरीच गोष्ट: रक्त रक्ताला ओळखते आणि पोटच्या मुलाचे रक्त जुळेल तसे परक्याचे जुळणार नाही. या समजुतीला कुणी हसत नाही, म्हणूनच तिची तपासणी करायला हवी. अवयव देण्याघेण्याची वेळ आली की घरोघरी हीच समजूत बोलू लागते.

परळचा पुरावा

देसाई राहत गिरगावात, खेतवाडीत. तिथून फार दूर नसलेल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात या समजुतीविरुद्धचा पुरावा चित्रपटाच्या पंचवीस वर्षे आधीच सापडला होता. डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. तोच पुढे जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला गेला. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ नावाचा पदार्थ असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत तोही नसतो, उलट तिच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यामुळे तिला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही.

आता चित्रपटातली आई या गटाची आहे असे समजा. हा गट असण्यासाठी ‘एच’ तयार न करणारे जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही मिळावे लागते. वडिलांकडे तसे जनुक नसेल, तर तिन्ही मुलांच्या पेशींवर ‘एच’ असणारच, आणि तिन्ही मुलांचे रक्त आईला घातक ठरेल. तिला वाचवू शकेल तो त्याच दुर्मीळ गटाचा कुणीतरी परका.

बॉम्बे गट मुंबईत सुमारे दहा हजारांत एखाद्याचा असतो, तेव्हा हा अपवाद झाला असे कुणी म्हणेल. पण तांबड्या पेशी सोडून मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा यांच्याकडे वळले की रक्ताच्या नात्याचा हिशेब सर्वांसाठीच अवघड होतो.

पेशींवरच्या खुणा

आपल्या शरीरातील केंद्रक असलेल्या बहुतेक सर्व पेशींवर काही प्रथिने असतात. त्यांना एचएलए म्हणतात. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात, म्हणून ती बहुधा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. या जनुकांचे आजवर नोंदलेले प्रकार ३५ हजारांहून अधिक आहेत. दोन परक्या माणसांचे सर्व प्रकार जुळणे त्यामुळेच कठीण असते. यातल्या पहिल्या खुणेचा शोध झाँ दोसे यांनी १९५८ साली पॅरिसमध्ये लावला. त्यांना १९८० सालचे नोबेल पारितोषिक दोघा शास्त्रज्ञांबरोबर विभागून मिळाले.

वर्गात हे पत्त्यांनी दाखवता येते. आईच्या हातात ‘क’ आणि ‘ख’ ही दोन पाने द्या, वडिलांच्या हातात ‘ग’ आणि ‘घ’. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक पान मिळते. मुले चारच प्रकारची होऊ शकतात: कग, कघ, खग, खघ. यावरून तीन गोष्टी विद्यार्थ्यांना स्वतःच काढता येतील. मूल आणि आई यांची जुळणी नेहमी निम्मी असते. दोन भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता चारात एक, निम्म्या जुळणीची चारात दोन. आणि चारात एक वेळ सख्खी भावंडे या खुणांपुरती परक्यांसारखीच असतात.

अमरला अस्थिमज्जा हवी असती, तर अकबर किंवा अँथनी यांपैकी निदान एकाची पूर्ण जुळण्याची शक्यता सोळात सात, म्हणजे सुमारे ४४ टक्के. न जुळण्याचीच शक्यता जास्त. के.ई.एम.पासून हाकेच्या अंतरावरील टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. तिथे उपयोगी पडला तो असा जुळलेल्या भावंडाचा योग.

आईच्याच रक्तातून आलेली चाचणी

या खुणा ओळखायच्या कशा? पॉल टेरासाकी यांनी १९६४ साली सूक्ष्म प्रमाणावर करायची एक पद्धत मांडली. तळहातावर मावेल अशा प्लॅस्टिकच्या तबकडीत बारीक खळगे असतात. प्रत्येकात एक मायक्रोलिटर सीरम ठेवतात. कोणत्या खळग्यातील सीरममध्ये कोणत्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडे आहेत हे आधीच माहीत असते. त्यात माणसाच्या लिम्फोसाइट पेशी घालतात, मग सशाच्या सीरममधील ‘पूरक द्रव्य’ आणि शेवटी रंग. खूण असेल तर प्रतिपिंड तिला चिकटते, पूरक द्रव्य पेशीला छिद्र पाडते आणि मेलेली पेशी रंग घेते. जिवंत पेशी रंग घेत नाही. आज खुणा डीएनएवरूनच वाचतात, पण तत्त्व समजायला ही तबकडीच सोयीची.

खळग्यांतली ही सीरमे येत कुठून? मुख्यतः अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांकडून. रोझ पेन यांनी अमेरिकेत आणि यॉन फान रूड यांनी हॉलंडमध्ये, दोघांनीही १९५८ साली, स्वतंत्रपणे दाखवून दिले की गर्भारपणात बाळाच्या पेशी आईच्या रक्तात येतात आणि त्यांच्यावरील वडिलांकडच्या खुणांविरुद्ध काही आयांच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. चित्रपट सांगतो की आईचे रक्त मुलाला ओळखते. ते ओळखते खरे, पण परके म्हणून. ऊती जुळवण्याचे शास्त्र काही अंशी याच ओळखीवर उभे राहिले.

याचा परिणाम शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतो. मुलगा आईला मूत्रपिंड देऊ इच्छितो, निम्मी जुळणीही आहे. पण आईच्या सीरममध्ये त्याच्या पेशींविरुद्ध तीव्र प्रतिपिंडे असतील, तर ते मूत्रपिंड काही मिनिटांत वा तासांत काळवंडू शकते. म्हणून रुग्णाचे सीरम आणि दात्याच्या पेशी एकत्र करून पाहतात. हाच क्रॉसमॅच. पटेल आणि टेरासाकी यांनी १९६९ साली दिलेले आकडे फळ्यावर लिहावेत असे आहेत. क्रॉसमॅच प्रतिकूल असतानाही केलेल्या ३० प्रत्यारोपणांपैकी २४ मूत्रपिंडे लगेच निकामी झाली. क्रॉसमॅच अनुकूल असलेल्या १९५ पैकी अशी ८.

रक्त देतानाही जवळचे नाते नेहमी हिताचे नसते. दात्याला दोन्ही पालकांकडून एकच गठ्ठा मिळाला असेल आणि तो रुग्णातही असेल, तर रुग्णाच्या शरीराला दात्याच्या लिम्फोसाइट परक्या वाटत नाहीत. त्या तिथे टिकतात आणि रुग्णाच्याच ऊतींवर हल्ला करतात. हा प्रकार क्वचित घडतो, पण बहुधा प्राणघातक असतो. म्हणून सख्ख्या नातेवाइकाचे रक्त द्यायचेच असेल, तर त्यावर आधी किरणांचा मारा करून या पेशी निष्प्रभ करतात. चित्रपटातले ताजे, थेट, मुलांचे रक्त म्हणजे नेमकी टाळायची गोष्ट.

नात्याचा दाखला

अशीच समजूत कायद्याच्या वाटेनेही आली. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. अवयवांचा बाजार थांबवणे हा त्याचा हेतू रास्तच होता. जवळच्या नात्यात पती-पत्नी, मुले, आईवडील आणि भावंडे धरली गेली. पण १९९५ सालच्या नियमांनी हे नाते पटवण्यासाठी आधी एचएलए चाचण्या सांगितल्या आणि त्यांतून उलगडा झाला नाही तर डीएनएच्या पुढच्या चाचण्या. अवयव टिकेल का, हे सांगण्यासाठी निघालेल्या चाचणीकडे नात्याचा दाखला मागितला गेला. पत्त्यांचा खेळ खेळलेला विद्यार्थीही विचारील: खुणा न जुळणाऱ्या चारातल्या एका भावंडाचे काय? आणि पत्नीचे काय? पुढे नियम बदलत गेले, पण तपासणीत एखाद्या घरातले जपलेले सत्य अचानक उघडे पडण्याचा धोका प्रयोगशाळेत आजही असतो.

योगायोग असा की त्याच १९९५ साली टेरासाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आकडे प्रसिद्ध केले. तीन वर्षांनंतर चालू असलेली मूत्रपिंडे: पती किंवा पत्नीने दिलेली ८५ टक्के, आईवडिलांनी दिलेली ८२ टक्के, मृत दात्यांची ७० टक्के. पती-पत्नीत रक्ताचे नाते नसते आणि खुणाही फारशा जुळत नाहीत. तरीही निरोगी दात्याचे ताजे मूत्रपिंड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे यांनी ती उणीव भरून काढली. अस्थिमज्जेत मात्र जुळणीचे महत्त्व फार मोठे आहे. तेव्हा ‘जुळले’ हा शब्द उच्चारताना कशासाठी जुळले, हे आधी विचारावे.

चित्रपटाला एक श्रेय द्यायला हवे. पेशीवर धर्माची खूण नसते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. मात्र पिढ्यान्पिढ्या आपापल्यातच लग्ने करणाऱ्या समाजांत खुणांचे ठरावीक गठ्ठे साठून राहतात. परक्या दात्यांच्या नोंदवहीत म्हणूनच सर्व जातिजमातींची माणसे हवीत. नाहीतर नोंदवहीबाहेरच्या समाजातला रुग्ण तसाच वाट पाहत राहील.

हे सारे शिकवायचे कशासाठी? आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांचेच प्रमाण अधिक आहे. ‘तुझे जुळते आहे’ हे वाक्य घरात उच्चारले गेले की नकार देणे किती कठीण होते, हे सांगायला नको. चाचणी फक्त अवयव टिकण्याच्या शक्यतेविषयी बोलते. माया किती, कर्तव्य कोणाचे, यावर तिचे काहीही म्हणणे नसते. न जुळलेल्या भावाने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही आणि जुळलेल्या बहिणीचा होकार गृहीत धरण्याचेही नाही. आनुवंशिकता शिकवताना वाटाण्यांच्या जोडीला हे चार पत्तेही वर्गात न्यावेत. उद्या यातल्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी हा प्रश्न उभा राहील. तेव्हा तपासणीच्या कागदावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही, हे त्याला घरच्यांना सांगता येईल.