ग्रे, आयलीन
(९ ऑगस्ट १८७८–३१ ऑक्टोबर १९७६). आयरिश फर्निचर व दीप-अभिकल्पक आणि वास्तुशिल्पज्ञ. जन्म आयर्लंडमध्ये एनिस्कॉर्थीजवळ. शिक्षण लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये. पॅरिसमध्ये सुगावारा या जपानी कारागिराकडून तिने लाखकाम आत्मसात केले. प्रारंभीच्या आलंकारिक लाखकामानंतर ती पोलादी नळ्या, काच व चामडे यांकडे वळली. ‘ट्यूब लाइट’ या दिव्यात तिने आवरण गाळून नुसती उभी प्रकाशनळी ठेवली. झां बादोव्हीचीसमवेत तिने दक्षिण फ्रान्समध्ये रॉकब्रून येथे ‘ई-१०२७’ हे घर उभारले (१९२६–२९). त्यातील उंची कमीजास्त करता येणाऱ्या मेजाचा पाया पलंगाखाली सरकतो, त्यामुळे अंथरुणातच न्याहारी करता येते. घराला यंत्र मानणाऱ्या समकालीनांहून तिचे वेगळेपण यातच दिसते. यंत्रयुगीन साहित्य तिने देहाच्या सवयींच्या अधीन ठेवले. १९३८-३९ मध्ये ल कॉर्ब्यूझ्येने तिच्या संमतीवाचून या घरात भित्तिचित्रे रंगविली. घराचे श्रेयही दीर्घकाळ इतरांना दिले गेले. जोसेफ रिक्वर्टच्या १९६८ मधील लेखाने तिच्या कार्याकडे पुन्हा लक्ष वेधले. तथापि तिच्यावरील अन्यायापेक्षा आधुनिकतेला तिने दिलेली ही मानवी बाजूच तिच्या मूल्यमापनात अधिक महत्त्वाची ठरते.