‘उणे ऐंशी’च्या आधी काय झालं?

बायोमार्करवरचा पेपर हातात आला की आपण सगळे आधी आलेखांकडे धावतो. मीही धावायचे. आता आधी ‘साहित्य आणि पद्धती’मधलं एक वाक्य शोधते: ‘रक्त घेऊन सीरम वेगळं केलं आणि वापरेपर्यंत उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवलं.’ हे वाक्य इतक्या पेपरांत इतकं सारखं असतं की ते वाचलंच जात नाही. माझी तक्रार त्याच वाक्याबद्दल आहे. फ्रीझरचं तापमान सांगून ते आपला विश्वास मिळवतं आणि सुई टोचल्यापासून सेंट्रिफ्यूज सुरू होईपर्यंतचा वेळ गिळून टाकतं.

नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात, हे आपण बीएस्सीला शिकतो आणि विसरतो. त्या ग्लुकोज वापरत राहतात. पेशी वेगळ्या न करता रक्त खोलीच्या तापमानाला ठेवलं, तर ग्लुकोज ताशी साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटतं आणि लॅक्टेट वाढत जातं. मग नळी सरळ फ्रिजमध्ये ठेवावी का? थंडीत ग्लुकोज बऱ्यापैकी टिकतं, पण पेशींच्या पटलावरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सीरम दिसायला स्वच्छ, हिमोलिसिसचा लालपणा अजिबात नाही, आणि पोटॅशियम वाढलेलं! म्हणून नुसतं ‘नमुना चांगला आहे’ म्हणण्याला अर्थ नाही. कशासाठी चांगला, ते सांगा.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे कर्करोगाच्या रुग्णांचं सीरम होतं आणि तुलनेसाठी निरोगी लोकांचं. रुग्णांमध्ये ग्लुकोज कमी, लॅक्टेट जास्त. पी-व्हॅल्यू बघून रात्री झोप लागेना. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज खाऊन लॅक्टेट सोडतात, हा वॉरबर्ग परिणाम तर पाठच असतो. चर्चेच्या प्रकरणाची तीन पानंही लिहून झाली. सरांनी एकच प्रश्न विचारला, ‘नळ्या किती वाजता फिरवल्या?’ निरोगी म्हणजे आमच्याच विभागातले विद्यार्थी आणि कर्मचारी. त्यांचं रक्त सेंट्रिफ्यूजच्या शेजारच्या खोलीत घेतलं होतं. रुग्णांच्या नळ्या रुग्णालयाच्या ओपीडीतल्या रॅकमध्ये, अटेंडंटची फेरी येईपर्यंत, उभ्या. रजिस्टरमध्ये फक्त तारीख. मी ज्याला कर्करोगाची खूण समजत होते, ती कदाचित नळीतल्या लाल पेशींची न्याहारी होती. ‘कदाचित’ हा शब्द मला आजही काढता येत नाही, कारण वेळ कुणी लिहिलीच नव्हती. (अटेंडंटला दोष देऊ नका. त्याच्या हातात घड्याळाचा रकाना असलेला कागद मी दिला नव्हता.)

ही काही एकट्या नवख्या विद्यार्थिनीची गोष्ट नाही. २००२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अंडाशयाच्या कर्करोगावरचा एक गाजलेला पेपर आला. सीरममधल्या प्रथिनांच्या नमुनाकृतीवरून त्यांनी ५०पैकी ५० रुग्ण ओळखले आणि कर्करोग नसलेल्या ६६पैकी ६३ जणी. पुढे त्या गटाने खुली केलेली माहिती बॅगर्ली, मॉरिस आणि कूम्ब्ज यांनी तपासली. एका संचात तर रुग्ण आणि निरोगी हे गट स्पेक्ट्रमच्या अशा भागावरूनही वेगळे पडत होते, जिथे यंत्राच्या गोंगाटाशिवाय काही अपेक्षित नव्हतं. दोन्ही गटांचे नमुने सारख्याच रीतीने हाताळले गेले होते का, ही शंका मग उरतेच.

यावर उपाय म्हणून बायोबँकवाल्यांनी ‘स्प्रेक’ नावाचं कोड काढलं. पहिली आवृत्ती २०१०ची, तिसरी २०१८ची. सात भागांत नमुन्याची कुंडली: प्रकार, नळी, सेंट्रिफ्यूजपूर्वीचा उशीर, दोन वेळचं सेंट्रिफ्यूज, त्यानंतरचा उशीर, साठवण. कल्पना उत्तम, आणि मी ते वापरते. पण त्यात सेंट्रिफ्यूजपूर्वी खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा कमी, एवढ्या सगळ्याला एकच अक्षर आहे, ‘ए’. वीस मिनिटंही ‘ए’ आणि पावणेदोन तासही ‘ए’! वरचा ग्लुकोजचा दर धरून हिशेब करा: दोन ‘ए’ नमुन्यांत ८-१० टक्के फरक सहज पडेल. शिवाय तिथे खोलीचं तापमान म्हणजे १८ ते २८ अंश. मे महिन्यात विदर्भातल्या ओपीडीचा कॉरिडॉर त्यात कसा बसवायचा? म्हणून कोड भरा, पण कोडवर भागवू नका. रक्त घेतल्याची आणि नळी फिरवल्याची वेळ, तासमिनिटांसकट, वेगळी लिहा.

उशीर झाला म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांचे नमुने घेतले. बहुतेक नळ्या ४ अंशांवर रात्रभर प्रवास करून मध्यवर्ती प्रयोगशाळेत जायच्या. उशीर होताच, पण तो ठरवून केलेला आणि नोंदलेला होता. कोण पुढे आजारी पडणार हे तेव्हा कुणालाच माहीत नसल्यामुळे रुग्ण आणि निरोगी अशी वेगळी वागणूकही शक्य नव्हती. माझ्या रॅकमधल्या नळ्यांचं नेमकं हेच चुकलं होतं.

स्प्रेकमधलं मला सर्वात आवडणारं अक्षर ‘एक्स’: माहीत नाही. माझ्या जुन्या डब्यांतल्या सीरमसमोर मी आता ते लिहिलंय. लॅक्टेटचं प्रकरण प्रबंधातून गेलं. त्याच रुग्णांच्या ईडीटीए नळ्यांतला डीएनए मात्र वापरतेय. जनुकीय प्रकार तपासायला रॅकमधले ते काही तास त्याला फारसे बाधत नाहीत.