‘श्रेष्ठ कोण?’ : शनिमाहात्म्यातील वाद आणि अतिमानवी नायकाचा काळ

दोन सामर्थ्यवानांची तुलना करून त्यांतील श्रेष्ठ कोण हे ठरविणारा वाद हा कथनपरंपरेतील एक जुना रूपबंध आहे. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांची झुंज झाली तर कोण जिंकेल, यावर चित्रकथांचे वाचक हिरिरीने भांडतात, तेव्हा हाच रूपबंध नव्या वाङ्मयप्रकारात वावरत असतो. मराठीतील त्याचे सुपरिचित रूप तात्याजी महिपतींच्या ‘शनिमाहात्म्य’ या ओवीबद्ध पोथीत आढळते. उज्जयिनीच्या विक्रमराजाच्या सभेत नवग्रहांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद निघतो आणि पंडित एकेका ग्रहाचा पक्ष मांडतात. शनिवारी घरोघर वाचल्या जाणाऱ्या या पोथीचा विचार बहुधा उपासनेच्या अंगाने होतो. ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाचीच मीमांसा म्हणून तिच्याकडे पाहिल्यास मात्र काही वेगळे हाती लागते.

सभेतील युक्तिवादाची रीत बेरजेची आहे. प्रत्येक पंडित आपल्या ग्रहाचे सामर्थ्य आणि त्याच्या कृपेचे फळ सांगतो. पुढचा पंडित दुसरी यादी सादर करतो. चित्रकथांच्या वाचकांचा वादही असाच चालतो : एकाचे उड्डाण, दुसऱ्याची बुद्धी, एकाचे मर्मस्थान, दुसऱ्याची साधने. अशा याद्यांतून निर्णय निघत नाही, कारण प्रत्येक गुण आपापल्या कथाविश्वाच्या नियमांनी बांधलेला असतो आणि दोन विश्वांना समान असे मोजमाप नसते. १९७६ साली दोन प्रतिस्पर्धी अमेरिकी प्रकाशनसंस्थांनी सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांची झुंज एकत्रितपणे प्रसिद्ध केली. तीत दोघे काही काळ लढतात आणि मग हातमिळवणी करून खलनायकांकडे वळतात. हा निव्वळ व्यापारी सावधपणा नव्हे. त्यामागे संरचनेची अपरिहार्यता आहे.

ही अपरिहार्यता उंबेर्तो एको यांनी १९६२ मधील सुपरमॅनविषयक निबंधात उलगडली. मिथकातील नायकाची कथा पूर्ण झालेली असते, तर कादंबरीतील नायक काळाबरोबर झिजतो, मृत्यूकडे सरकतो. सुपरमॅनला मिथकासारखे अक्षय राहायचे असते आणि कादंबरीसारखी नवी घटनाही हवी असते. म्हणून त्याच्या कथांमधला काळ धूसर ठेवला जातो : आधीच्या साहसाचा ठसा पुढच्या साहसावर उमटत नाही. पराभव ही परिणाम मागे ठेवणारी घटना असल्यामुळे अशा काळात खरा पराभव संभवत नाही. फ्रँक मिलर यांच्या १९८६ च्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’मध्ये बॅटमॅन सुपरमॅनला नमवू शकतो, ते तेथे बॅटमॅन उतारवयाला लागलेला आहे म्हणून. काळ आत आला, तेव्हाच झुंजीला निकाल लाभला.

या पार्श्वभूमीवर शनीचे वैशिष्ट्य लक्षात येते. शनैश्चर म्हणजे संथ चालणारा. सूर्याभोवतीची त्याची प्रदक्षिणा सुमारे साडेएकोणतीस वर्षांची. त्यामुळे एका राशीत अडीच वर्षे आणि चंद्रराशीसह तिच्या मागच्यापुढच्या राशी धरून साडेसाती. इतर ग्रहांचे पक्षकार गुण सांगतात. शनीचे आयुध मात्र कालावधी हेच आहे. म्हणूनच पोथीत युद्धाचे वर्णन नाही. जन्मतःच शनीची दृष्टी पडून पित्याला कुष्ठ झाले, सारथी पांगळा झाला, अश्व अंध झाले, हे ऐकून विक्रम हसतो. आणि वादाचा निवाडा करणारा स्वतःच प्रतिपक्ष ठरतो. घोडा त्याला रानात नेऊन अदृश्य होतो. परक्या नगरात चित्रातला हंस हार गिळतो आणि चोरीचा आळ विक्रमावर येतो. हातपाय तोडले जातात, तेल्याच्या घाण्यावर दिवस जातात. चित्रकथांचा वाचक वादाबाहेर सुरक्षित असतो. पोथीत मात्र प्रश्नाची किंमत प्रश्नकर्त्याच्या देहातून वसूल होते.

येथे एक नैतिक पेच उभा राहतो. ज्या चोरीसाठी विक्रमाला शिक्षा होते ती त्याने केलेली नाही. ती शनीच्याच प्रभावाने घडलेली आहे. उपहासाचे प्रायश्चित्त म्हणावे, तर अपराध आणि दंड यांत प्रमाण उरत नाही. शिवाय आपण स्वतःच्या गुरूलाही सोडले नाही, असे शनी पुढे स्वतः सांगतो. म्हणजे पोथी सिद्ध करते ते शनीचे बळ. त्याचा न्याय नव्हे. नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरची श्रद्धा या संहितेशेजारी ठेवून पाहण्याजोगी आहे. गावातील घरांना परंपरेने दारे-कुलुपे नाहीत, कारण चोराला शनी शासन करतो अशी धारणा आहे. २०११ साली युको बँकेनेही तेथे बिनकुलपाची शाखा उघडली. पोथीत निरपराध्यावर चोरीचा आळ आणणारी शक्ती येथे चोरीपासून राखण करणारी होते. बळाचे न्यायात झालेले हे रूपांतर म्हणजे लोकमानसाने केलेले पोथीचे पुनर्वाचनच होय. उघड्या चौथऱ्यावरील सुमारे साडेपाच फुटांच्या काळ्या शिळेला ना चेहरा, ना आयुध. तुलनेसाठी गुणांची यादी करावी, असे तिच्यात काहीही नाही.

तथापि या पुनर्वाचनाचे बीज पोथीतच आहे, असे म्हणता येते. दीपक राग गाऊन दिवे उजळणाऱ्या विक्रमापुढे शनी अखेर प्रकट होतो आणि वर माग म्हणतो. विक्रम गेलेले राज्य आधी मागत नाही. आपल्याला दिली तशी पीडा इतर कोणाला देऊ नये, एवढेच मागतो. सभेतील वादाचे उत्तर शनीच्या बाजूने लागलेले असते, परंतु सामर्थ्याला मर्यादा हवी ही मागणी पराभूताच्या तोंडी येते. ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाला ‘जिंकणाऱ्याने काय करू नये’ हा दुसरा प्रश्न येथे जोडला गेला आहे. ज्या नायकांना काळाची झळ लागत नाही, त्यांच्या झुंजींच्या वादात हा दुसरा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तो विचारण्यासाठी कोणीतरी खरोखर हरलेले असावे लागते.